मानेतल्या धमनीची कुळकथा

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनकडे अर्धांगवायूला ‘वारं गेलं’ म्हणतात. सकाळी हातातली कपबशी सुटते, तोंड वाकडं होतं, ओळखीचं नाव जिभेवर अडतं. दहा-पंधरा मिनिटांत हात पुन्हा उचलतो, बोलणं सुधारतं आणि घरातलं कुणीतरी सुटकेचा श्वास टाकत म्हणतं, “वारं येऊन गेलं बघा.” माणूस धडधाकट दिसतो, म्हणून दवाखाना राहून जातो.

या ‘येऊन गेलं’ची मला फार भीती वाटते. मानेतल्या अरुंद झालेल्या धमनीवर आज जो इलाज होतो, त्याचा जन्मच मुळी या येऊन गेलेल्या वाऱ्याची हकीकत कुणीतरी नीट ऐकून घेतली म्हणून झाला.

भोकरदनच्या पोटात जसं सातवाहनांच्या काळचं भोगवर्धन निघालं, तशी या धमनीच्या नावाखालीही जुनी नावं आहेत. सुश्रुतसंहितेत कंठाच्या दोन्ही बाजूंची ‘नीला’ आणि ‘मन्या’ ही मर्मं सांगितली आहेत. त्यांना इजा झाली तर वाचा जाते, आवाज बिघडतो, चव कळेनाशी होते. ग्रीकांनी मानेतल्या धमनीला गुंगी या अर्थाच्या शब्दावरून नाव दिलं, कारण ती दाबली की शुद्ध हरपते असं त्यांना दिसलं होतं. ‘कॅरॉटिड’ हा शब्द तिथला. तरीही पक्षाघाताचं कारण शोधताना डॉक्टर शतकानुशतकं कवटीच्या आतच पाहत राहिले. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या रॅमसे हंट यांनी मानेतली नाडीही तपासायला सांगितलं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

या इलाजाचं आजोळ लिस्बन. तिथे १९२७ मध्ये एगास मोनिझ यांनी धमनीत औषध सोडून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दाखवल्या. त्याच शहरात १९४६ मध्ये जुआंव सिद दुश सांतुश यांनी पायाची तुंबलेली धमनी उघडून आतला थर सोलून काढला.

पण खरा धागा हाती लागला तो कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मिलर फिशर यांच्या. अर्धांगवायू झालेल्या एका रुग्णानं त्यांना सांगितलं, की त्याआधी काही वेळा एका डोळ्यानं थोडा वेळ दिसेनासं झालं होतं. लुळ्या पडलेल्या बाजूचा तो डोळा नव्हताच, दुसऱ्या बाजूचा होता! मेंदूचा डावा भाग उजवं अंग चालवतो, पण डाव्या डोळ्याला आणि मेंदूच्या डाव्या भागाला रक्त येतं ते मानेतल्या एकाच डाव्या धमनीतून. म्हणजे दोष मानेत. १९५१ च्या लेखात फिशर यांनी हे मांडलं आणि यावर पुढे शस्त्रक्रिया निघेल असंही सुचवलं.

मे १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ६६ वर्षांची एक बाई आली. काही महिन्यांत तिला असे येऊन जाणारे ३३ झटके आले होते. तेहतीस! ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांच्या चमूनं तिचं शरीर थंड करून, धमनीचा अरुंद तुकडा कापून टोकं जोडली. झटके थांबले. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी तर १९५३ मध्येच एका रुग्णाची धमनी सोलून साफ केली होती, पण ती हकीकत छापून आली १९७५ मध्ये.

आजची शस्त्रक्रिया याच सोलण्याची. मानेवर छेद घेतात, धमनी चिमट्यांनी बंद करून उभी चिरतात. बोअरच्या पाइपात क्षाराचा थर बसावा तसा आत पिवळट, कडक थर असतो. तो अलगद सोडवून काढायचा आणि धमनी पुन्हा शिवायची. त्यातला कण सुटून मेंदूत गेला, तर ज्यासाठी शस्त्रक्रिया केली तेच ओढवतं. म्हणूनच ही शस्त्रक्रिया कुणावर करायची, ही निवड कठीण.

हा हिशेब पक्का मांडला हेन्री बार्नेट यांच्या १९९१ च्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासानं. नुकताच झटका आलेले, धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेले ६५९ रुग्ण. दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला नुसत्या औषधांवरच्या १०० पैकी २६ जणांना, शस्त्रक्रिया झालेल्या १०० पैकी ९ जणांना. अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी असेल तर शस्त्रक्रियेचा फायदा नाही, हेही याच अभ्यासातून पुढे दिसलं. धमनी पुरती बंद झाली असेल, तर सहसा ती उघडत नाहीत.

स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत बसवलेली जाळीदार नळी, हे या शस्त्रक्रियेचं धाकटं भावंड. २०१० च्या २,५०२ रुग्णांच्या चाचणीत स्टेंटनंतर पक्षाघात जास्त झाले, शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराचे झटके जास्त आले. सत्तरीपुढच्यांना शस्त्रक्रिया अधिक मानवली. ज्यांना कधीच झटका आलेला नाही, त्यांच्या बाबतीत घाई नको असं माझं मत. आजची औषधं १९९१ पेक्षा पुष्कळ चांगली आहेत. रक्त पातळ ठेवणारी गोळी, स्टॅटिन, आटोक्यातलं बीपी आणि सुटलेली तंबाखू-बिडी हे मात्र शस्त्रक्रिया, स्टेंट किंवा नुसती औषधं या तिन्ही वाटांवर लागतंच.

झटका येऊन गेलेल्याला शस्त्रक्रियेचा सर्वांत जास्त लाभ पहिल्या दोन आठवड्यांत होतो, पुढे तो झपाट्यानं घटतो. म्हणून विनंती एवढीच: घरात कुणाचं ‘वारं येऊन गेलं’, तर त्याच दिवशी जालना किंवा संभाजीनगर गाठा, किती मिनिटं काय झालं ते जसंच्या तसं सांगा आणि मानेतल्या धमनीची डॉप्लर सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.