उशीर कोणाचा?

दंतवैद्यकाच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून वयाची तिशी उलटल्यावर अभ्यासास बसलेल्या माणसाच्या मनांत एक शंका घर करून बसते. आज त्या शंकेच्या इतिहासाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. कोणी म्हणेल, शंकेला कसला आला आहे इतिहास? इतिहास असावा राज्यांचा, लढायांचा. परंतु "आपलें शिकण्याचें वय निघून गेलें" या वाक्यालाहि इतिहास आहे, आणि तो महाराष्ट्रांत दीडशें वर्षांचा तरी खास आहे.

मुळशी तालुक्यांत माझें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत गेलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं. तेव्हां वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाहीं. पण शिकणाऱ्यांचे चेहरे मीं पुष्कळ पाहिले आहेत. आमच्याकडे मशेरी लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या काय भोगतात, आणि घाटाच्या पायथ्याच्या वाडीवर ऐन पावसांत दाढ दुखूं लागली म्हणजे माणसाची काय अवस्था होते, हें मुळशीकरास सांगावें लागत नाहीं. अशा मुलुखांतील एखादी परिचारिका, एखादा औषधाच्या दुकानांतील नोकर, किंवा दोन मुलांची आई, जेव्हां मनाशीं म्हणते कीं आपण दंतवैद्य व्हावें, तेव्हां ती इच्छा केवळ हौसेची नसते. रात्रीं पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हीं पुस्तकें उघडलीं म्हणजे मात्र शेजारीं बसणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलांची आठवण होते, आणि मन विचारतें, "इतके दिवस काय केलें?" या प्रश्नाचें उत्तर इतिहासाकडून घ्यावें, हें बरें.

प्रथम मुंबईस जाऊं. रखमाबाईंचा जन्म तेथें २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं झाला. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकीं ते एक. अशा सुशिक्षित घरांतहि अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलीचें लग्न झालें आणि शाळा सुटली. पुढें घरच्या घरीं, जमेल तसें, त्या शिकत राहिल्या. १८८४ सालीं त्यांचे पति दादाजी भिकाजी यांनीं बायकोनें नांदावयास यावें म्हणून न्यायालयांत दावा लाविला. एप्रिल १८८५ मध्यें सखाराम अर्जुन वारले. शिक्षणाचा घरांतील आधारहि गेला. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रांत 'एक हिंदु स्त्री' या सहीनें रखमाबाईंनीं बालविवाहावर पत्र लिहिलें. आपल्या सर्व दुःखांत विद्या हिरावली गेल्याचें दुःख त्यांनीं मोठें मानिलें, हें त्या पत्रांत स्पष्ट दिसतें.

खटल्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. सप्टेंबर १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्ही यांचा निकाल रखमाबाईंच्या बाजूनें लागला. अपिलांत तो टिकला नाहीं. मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं, महिन्याच्या आंत नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत बसावें, असा हुकूम दिला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर जुलै १८८८ मध्यें २,००० रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटलें. म्हणजे विद्यार्थ्यांच्या आयुष्यांतील जीं उत्तम वर्षें समजलीं जातात, त्यांतील चार वर्षें या बाईंचीं न्यायालयाच्या तारखांत गेलीं. १८८९ सालीं त्या विलायतेस निघाल्या, तेव्हां त्यांना पंचविसावें वर्ष चालू होतें. आज आपणांस हें वय लहान वाटेल. परंतु ज्या काळीं या वयाची बाई चार मुलांची आई असावयाची, त्या काळीं शाळेचें अकराव्या वर्षीं तुटलेलें सूत पुन्हा जोडून वैद्यकाच्या परीक्षांची तयारी करणें, हें समाजाच्या दृष्टीनें अवेळींचेंच होतें.

या कामीं त्यांना धीर देणाऱ्यांत मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची या प्रमुख होत्या. या इंग्रज बाईंची स्वतःची कथा आपल्या विषयास फार उपकारक आहे. १८६९ सालीं एडिंबरो विद्यापीठांत स्त्रियांस वैद्यक शिकूं द्यावें म्हणून सोफिया जेक्स-ब्लेक यांनीं चळवळ आरंभिली. त्यांत सामील होण्यापूर्वीं पीचीबाईंनीं त्यांना एक पत्र लिहिलें. बाई शिक्षिकेचें काम करीत होत्या आणि चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होत्या. पत्राचा आशय असा कीं, या धंद्यांत पडण्यापूर्वीं यशाची खात्री असती तर बरें; स्वतःसाठीं नव्हे, तर आपल्या अपयशानें साऱ्या कार्यास बट्टा लागेल म्हणून. साधारण बुद्धि आणि चिकाटी एवढ्यावर हें साधेल काय? या दोन गोष्टी आपणांपाशीं आहेत, विषयांची मनापासून आवडहि आहे. परंतु त्या विषयांचें ज्ञान म्हणाल, तर बहुतेकांत आपण कच्च्या आहोंत.

श्रोतेहो, या पत्राची बांधणी लक्षपूर्वक पाहावी. बाईंना शंका नव्हती असें नाहीं, भरपूर होती. पण त्यांनीं शंकेचे दोन भाग केले. बुद्धि, चिकाटी व आवड यांचा हिशेब एका बाजूस मांडला, आणि अजून न शिकलेल्या विषयांचा दुसऱ्या बाजूस. "मी नालायक आहें" या वाक्यावर इलाज नाहीं. "मला अमुक विषय येत नाहीं" या वाक्यावर इलाज आहे, त्याला अभ्यास म्हणतात. पुढें १८७० सालीं रसायनाच्या परीक्षेंत प्रथमच बसलेल्या विद्यार्थ्यांत याच बाई पहिल्या आल्या. त्या स्त्री असल्यामुळें त्यांच्या हक्काची शिष्यवृत्ति मात्र खालच्या क्रमांकाच्या पुरुषास देण्यांत आली. एडिंबरोनें स्त्रियांस पदवी देण्याचें नाकारलें, तेव्हां त्यांनीं स्वित्झर्लंडांतील बर्न येथें जाऊन १८७७ सालीं पदवी मिळविली. त्या वेळीं त्यांचें वय ३१ वर्षांचें होतें. आठ वर्षांचा हा जो उशीर झाला, तो बाईंचा कीं विद्यापीठाचा? आणि अशा बाईंनीं रखमाबाईंस "तूं जा" म्हणून सांगितलें, तर त्या सांगण्यास किती वजन असेल!

लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून आणि स्कॉटलंडांतील वैद्यकीय मंडळांच्या परीक्षा देऊन १८९४ सालीं रखमाबाई डॉक्टर झाल्या. येथें दुसऱ्या एका नांवाची आठवण होणें स्वाभाविक आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. म्हणजे दोघींत अवघें चार महिन्यांचें अंतर. आनंदीबाईंना मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियास पदवी मिळाली, त्या वेळीं रखमाबाई खटल्यांत गुंतल्या होत्या. त्या वर्षीं दोघींस शेजारीं उभें करून पाहणाऱ्यास एक पुढें गेली व एक मागें राहिली असेंच वाटलें असतें. परंतु आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं २२ वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं, निवर्तल्या. आठ वर्षें मागाहून पदवी मिळविणाऱ्या रखमाबाईंनीं सुरत व राजकोट येथें तीन तपांच्या जवळपास रुग्णसेवा केली, आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजीं, नव्वदी ओलांडून, त्यांनीं देह ठेविला. यांत आनंदीबाईंच्या कीर्तीस उणेपणा आणण्याचा हेतु नाहीं. त्यांच्या धैर्यावांचून मागच्यांची वाट अधिकच बिकट झाली असती. सांगावयाचें इतकेंच कीं, आयुष्याची लांबी कोणासच आधीं ठाऊक नसते. म्हणून विसाव्या वर्षीं काढलेला लवकर-उशिराचा हिशेब खरा धरूं नये.

आतां मुंबईहून आमच्या बाजूस येऊं. पुण्याहून पौडकडे निघालें म्हणजे शहर सुटण्यापूर्वीं डाव्या हातास, थोडें आंत, जुनें हिंगणें राहतें. आज त्यास कर्वेनगर म्हणतात. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं तेथें गेला. खुद्द अण्णासाहेबांची गोष्ट मोठी मौजेची आहे. मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा देण्यासाठीं ते १८७५ सालीं कोंकणांतील मुरुडहून सह्याद्रि चढून पायीं साताऱ्यास गेले. सतरा वर्षें पुरीं झालीं पाहिजेत असा नियम. आणि हा मुलगा अंगानें इतका लहान कीं, वय कमी दिसतें म्हणून त्यास परत पाठविण्यांत आलें! तेच अण्णासाहेब मॅट्रिक झाले १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं. म्हणजे त्या परीक्षेस पुष्कळ उशिरा. एकाच विद्यार्थ्यास नियमानें एकदां लहान ठरविलें आणि लोकांनीं एकदां मोठें. यावरून वयाच्या मोजपट्टीवर किती विश्वास ठेवावा, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

याच आश्रमाच्या पार्वतीबाई आठवले. जन्म १८७० चा. विसाव्या वर्षीं वैधव्य, पदरीं एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या शिक्षणास लागल्या. पुढें आश्रमासाठीं गांवोगांव फिरून त्यांनीं निधि जमविला. इंग्रजी भाषा कांहीं केल्या हातीं लागत नव्हती. म्हणून १९१८ सालीं, पन्नाशीच्या आसपास, त्या अमेरिकेस गेल्या आणि लोकांच्या घरीं घरकाम करीत ती भाषा शिकल्या. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यास पाठांतर जड जातें, घरचा व्याप सुटत नाहीं, हें खरें आहे. तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण पार्वतीबाईंस आपण कशासाठीं शिकतों हें ठाऊक होतें, आणि तें बळ सतरा वर्षांच्या मुलापाशीं बहुधा नसतें.

हे सर्व दाखले वैद्यकाचे व सामान्य शिक्षणाचे झाले. दंतवैद्यकाकडे वळलों, तर तेथें खुद्द शास्त्राचा रस्ताच आपल्या देशांत उशिरा आला आहे. डॉ. रफिउद्दिन अहमद यांनीं कलकत्त्यास पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय काढलें तें १९२० सालीं. मुंबईचें नायर दंत महाविद्यालय १९३३ चें. आणि दंतवैद्यांची रीतसर नोंदणी व त्यांच्या शिक्षणाचें नियमन करणारा कायदा झाला १९४८ सालीं. तोंवर खेड्यांतील दाढ जत्रेंतल्या दांत काढणाऱ्याच्या चिमट्यावर सोंपविलेली असे. कलकत्त्याच्या महाविद्यालयानंतर अवघ्या एका वर्षानें, १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, आमच्या मुळशीस सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीचें धरण होऊं घातलें होतें. खोऱ्यांतील मावळे आपल्या भातखाचरांसाठीं उभे राहिले. सेनापति बापटांनीं त्यांचें पुढारपण केलें, तुरुंग भोगला. १९२४ सालापर्यंत लढा चालला; धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं. ज्या घरास पुन्हा कोठें चूल मांडावी हाच प्रश्न पडतो, त्या घरांतील मुलांची शाळा एका पिढीनें मागें पडते. अशा खोऱ्यांतील कोणी आज तिसाव्या किंवा पस्तिसाव्या वर्षीं पुस्तक उघडलें, तर त्यास "इतके दिवस काय केलें?" असें विचारणाऱ्यानें धरणाच्या भिंतीवर उभें राहून एकदां त्या पाण्याकडे पाहावें.

माझें म्हणणें एवढेंच आहे. मोठ्या वयाचा विद्यार्थी जो उशीर स्वतःच्या नांवावर मांडतो, त्यांतील मोठा भाग रस्त्याचा असतो: कायद्याचा, रूढीचा, गरिबीचा, विद्यापीठाच्या बंद दाराचा. तो भाग ज्याच्या त्याच्या खात्यावर घातला म्हणजे उरते ती शंका लहान असते आणि उपयोगी असते.

नियमांचेंहि तसेंच आहे. हल्लीं दंतवैद्यकाच्या पदवीचा प्रवेश 'नीट' या देशव्यापी परीक्षेवरून होतो. २०१७ सालीं त्या परीक्षेस खुल्या वर्गासाठीं २५ वर्षांची कमाल मर्यादा जाहीर झाली. वाद न्यायालयांत गेला. आणि मार्च २०२२ मध्यें कमाल वयाची अट काढून टाकल्याचें जाहीर करण्यांत आलें. म्हणजे पांच वर्षांपूर्वीं ज्यास "तुझें वय गेलें" म्हणून सांगितलें, त्याचें वय पांच वर्षें वाढल्यावर पुन्हा चालूं लागलें! ती परीक्षा मराठींतूनहि देतां येते, ही खेड्यांतील विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

वाट सोपी आहे, असें मीं म्हणणार नाहीं. जागा मोजक्या, खासगी महाविद्यालयांची फी जबर, अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि वर एक वर्षाची उमेदवारी. कांहींजण प्रयत्न करूनहि मागें राहतील, आणि त्यांत त्यांची अप्रतिष्ठा नाहीं. घरच्या माणसांनीं हिशेब मांडावा, जरूर मांडावा. पण तो पैशाचा व वेळाचा मांडावा, वयाच्या लाजेचा मांडूं नये. आणि विद्यार्थ्यानें पीचीबाईंप्रमाणें एक कागद घ्यावा. एका बाजूस आपणांपाशीं काय आहे तें लिहावें. दुसऱ्या बाजूस काय येत नाहीं तें विषयवार, धड्यावार लिहावें. ही दुसरी यादी प्रथम लांब दिसेल. रोज तिच्यांतील एक ओळ खोडावी.

पुढेंमागें आमच्या खोऱ्यांत अशा कोणा उशिरा शिकलेल्या दंतवैद्याचा दवाखाना निघाला, तर दाढ धरून आलेला शेतकरी त्यास एवढेंच विचारील कीं, दुखणें थांबेल ना? तुम्हीं कितव्या वर्षीं परीक्षा दिली, हें तो विचारणार नाहीं.