साडेदहाची घंटा

सध्या आमच्या नातलगांत एक वाद रंगला आहे. पुण्याची भाची म्हणते, "मामा, शाळा उशिरा भरायला हव्यात, मुलांची झोपच होत नाही." तर इकडे हिंगोलीतला पुतण्या म्हणतो, "पहाटे उठल्याशिवाय अभ्यास होत असतो का, काका?" निवाडा माझ्याकडे आला. जन्मभर मास्तरकी केली, त्याची ही शिक्षा! म्हटलं, नुसतं मत देण्यापेक्षा शाळेच्या वेळेचा इतिहासच जरा तपासून पाहू.

वादाचं निमित्त तुम्हाला आठवत असेल. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं, की मुलं हल्ली रात्री उशिरापर्यंत जागतात आणि शाळेसाठी लवकर उठतात, तेव्हा शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करा. पुढे 8 फेब्रुवारी 2024 ला शासनाचा आदेश निघाला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत. स्कूलबसवाल्यांनी कुरकुर केली, दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा अडचणीत आल्या, काही पालकही नाराज झाले. ते असो. मला खटकलं ते वेगळंच. हा आदेश चौथीपाशी थांबला.

कारण लहान लेकरं मुळात लवकर झोपतात आणि लवकर उठतात. घोळ सुरू होतो तो बारा-तेरा वर्षांनंतर. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकॅडन या संशोधक बाईंनी अनेक वर्षं याचा अभ्यास केला. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वयात येणाऱ्या मुलांत रात्री उशिरा पाझरू लागतं. त्यामुळे दहा वाजता त्यांना झोप येतच नाही आणि पहाटे पाच ही त्यांची ऐन झोपेची वेळ असते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. आता दहावीतलं कुठलंही पोर नजरेसमोर आणा आणि हिशेब करा!

मग आपल्याकडे 'लवकर तो शहाणा' हे आलं कुठून? फार जुनं आहे ते. बेल्लारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी 1823 मध्ये तिकडच्या गावठी शाळांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. शाळा सकाळी सहाला भरे. पहिल्या आलेल्या मुलाच्या तळहातावर सन्मान म्हणून सरस्वतीचं नाव लिहीत. तिसऱ्याला हलकी छडी, चौथ्याला दोन, अशी ती पुढे वाढत जाई. म्हणजे उशीर हा गुन्हा, हे तेव्हापासून लेकरांच्या तळहातावरच लिहिलेलं.

पण शाळेची वेळ काही ब्रह्मदेवाने ठरवलेली नाही. आमचा हा मुलूख निजामाचा. त्या काळी आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. 1948 नंतर ती रविवारी आली आणि लोकांच्या ते अंगवळणीही पडलं. घड्याळाचंही तसंच. 1906 पासून देशाला एकच प्रमाणवेळ मिळाली, ती साडेब्याऐंशी रेखांशाची. आपली हिंगोली त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 21 मिनिटं मागे चालतो. जानेवारीत इथे सूर्य उगवतो तोच सातच्या सुमाराला. सातच्या वर्गाला निघालेलं मूल अंधारातच घर सोडतं.

आम्ही शिकलो आणि नंतर मी शिकवलं ती शाळा कचेरीच्या वेळेला जुळणारी, साडेदहा ते पाच. फक्त शनिवारी सकाळची. आम्हीही उजाडायच्या आत उठत होतो बरं का! गोठा, पाणी, धारा, सगळं करून शाळेत. पण दिवेलागण झाली की जेवणं, आणि जेवण झालं की अंथरूण. रॉकेल जपून वापरायचं असे, मग जागायचं कशाच्या उजेडात? आमची पहाट लवकर होती कारण रात्रही लवकर होती. पुढे वीज आली, टीव्ही आला, मोबाइल आला. रात्र लांबली, पण पहाट मात्र आम्ही जुनीच ठेवली.

आता गंमत पहा. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एडिना गावाने 1996 मध्ये हायस्कूलची वेळ 7.20 वरून 8.30 केली. पुढच्याच वर्षी मिनियापोलिस शहराने 7.15 ची 8.40 केली. सिएटलने 2016 मध्ये साधारण तासभर वेळ पुढे नेली, तर मुलांची झोप रोज सुमारे 34 मिनिटांनी वाढलेली आढळली. म्हणजे उशिरा उठायचं म्हणून मुलं आणखी उशिरा झोपली, असं झालं नाही. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदाच केला आणि जुलै 2022 पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायला बंदी आली. फ्लोरिडाने मात्र 2023 मध्ये केलेला असाच कायदा 2025 मध्ये मागे घेतला. अडचण तीच, बसगाड्यांची आणि खर्चाची!

म्हणजे ज्या साडेआठसाठी तिथे कायदे करावे लागले, त्याच्याहून दोन तास उशिराची शाळा आमच्या सेनगाव-कळमनुरीच्या पोरांना आयतीच मिळालेली होती. ती आम्ही आपल्या हाताने घालवत आहोत. शाळा दहाची असली तरी शिकवणी सहाची. खेड्यातली मुलगी शिकवणीसाठी पहिली एसटी धरते, म्हणजे साडेचारला उठते. रात्री अकरापर्यंत वह्या पूर्ण करते. मग दुपारच्या तासाला डोळे मिटले की 'आळशी' हा शिक्का ठरलेला.

पुतण्याचा एक मुद्दा मात्र मला पटतो. मराठवाड्याचा उन्हाळा मिनेसोटाला कळायचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा भरवावीच लागते. पत्र्याखाली दुपारी लेकरं बसवणं हे झोपमोडीपेक्षा वाईट. शिवाय शाळा फार उशिरा सुटली तर डिसेंबरात लांबच्या गावच्या मुली अंधारात घरी पोचणार. तेव्हा पुण्या-मुंबईचा नियम जसाच्या तसा इथे लावता येणार नाही.

तर माझा निवाडा असा. उन्हाळा सोडून बाकीचे महिने पाचवी ते बारावीचं शिकवणं, मग ते शाळेतलं असो की शिकवणीचं, नऊच्या आधी नको. शाळेची घंटा मागे-पुढे करून शिकवणी सहालाच राहिली तर काही उपयोग नाही. सकाळची शाळा असेल त्या दिवसांत घरातल्या मोठ्यांनी आधी टीव्ही बंद करावा, मग पोरांचे मोबाइल मागावेत. आणि वर्गात पेंगणाऱ्या मुलाला, बाबा रे, किती वाजता झोपलास, एवढं तरी मास्तरांनी आधी विचारावं.

भाची यावर खूश होणार नाही, पुतण्याही होणार नाही. तुमच्या घरातली मुलं किती तास झोपतात, ते एकदा मोजून मला जरूर कळवा.