कुत्र्यांसाठी घरगुती गारीगार : काय गोठवावे, काय टाळावे

एप्रिल-मे महिन्यांत बीड जिल्ह्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावात अशा दुपारी रस्ते ओस पडतात आणि कुत्री रांजणाखालच्या ओल्या मातीत नाहीतर उभ्या ट्रॅक्टरच्या सावलीत अंग टाकून देतात. घरात फ्रीज असेल तर मुलांसाठी सरबत गोठवून गारीगार केले जाते. त्यातलाच एखादा तुकडा दारातल्या कुत्र्यापुढे टाकला जातो आणि ते तो आवडीने चाटते. मात्र माणसासाठी गोठवलेला पदार्थ आणि कुत्र्यासाठी गोठवलेला पदार्थ यांत फरक असावा लागतो. काही बाबतींत हा फरक कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

बर्फाने कुत्रे कितपत थंड होते?

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, पण त्याने फारसे काही साधत नाही. कुत्रे थंड होते ते मुख्यतः धापा टाकून. जीभ, तोंड आणि नाकातील ओलावा हवेबरोबर उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता नेतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नीट धापता येत नाही, म्हणून ती उन्हाळ्यात लवकर अडचणीत येतात.

येथे एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ५० ग्रॅम बर्फ वितळून शरीराच्या तापमानापर्यंत येताना सुमारे ६ किलोकॅलरी उष्णता शोषतो. १५ किलो वजनाचे कुत्रे एवढी उष्णता स्वतःच्या शरीरात दहा-पंधरा मिनिटांत निर्माण करते. तेच ५० ग्रॅम पाणी धापा टाकताना वाफ होऊन गेले, तर सुमारे २९ किलोकॅलरी, म्हणजे जवळपास पाचपट उष्णता बाहेर जाते. म्हणजे खाऊच्या गारव्याचा उपयोग थोडा वेळ टिकतो. त्यातून पोटात गेलेले पाणी जास्त कामाचे. एरवी पाण्याकडे ढुंकून न पाहणारे कुत्रे चवीच्या बर्फातून वाटीभर पाणी सहज पिते. शिवाय दुपारचा अर्धा तास ते सावलीत एका जागी चाटत बसते, हाही फायदाच.

कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. कडक उन्हात याहून जास्त. त्यामुळे खाऊ दिला तरी शेजारी पाण्याचे भांडे भरलेले हवेच.

घरातल्या जिन्नसांतून

सर्वांत सोपा पदार्थ कलिंगडाचा. पाठ आणि बिया काढून गर कुस्करावा, त्यात थोडे पाणी मिसळून वाटीत गोठवावा. साखर घालू नये. कलिंगडात ती असतेच. काकडीचेही असेच करता येते, फक्त आधी तुकडा चाखून कडू काकडी टाकून द्यावी. लाल भोपळा वाफवून, कुस्करून, पाणी घालून गोठवला तर जरा पोटभरीचा खाऊ होतो. पिकलेली पपई चालते, बिया काढून. आंब्याचा गर थोडासा चालतो, पण कोय कुत्र्याच्या हाती लागू देऊ नये. गिळलेली कोय आतड्यात अडकते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही.

दुधापेक्षा ताक बरे. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातील लॅक्टोज पचत नाही आणि हगवण लागते. दही लागताना जिवाणू त्यातील काही लॅक्टोज वापरून टाकतात, त्यामुळे पातळ ताक तुलनेने सोसते. तरी पहिल्या दिवशी चमचाभर देऊन दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी. ताक मीठ, हिंग-जिरे किंवा मिरची न घातलेले हवे. फोडणीचा मठ्ठा हा माणसांचा पदार्थ.

मांसाहारी घरात कोंबडीचे पाणी हा कुत्र्याला सर्वाधिक आवडणारा प्रकार. मात्र ते वेगळे काढावे लागते. मटण-कोंबडीचे जे ‘आळणी’ पाणी घरोघर काढतात, त्यात कांदा, लसूण, मीठ बहुधा असतेच. कुत्र्यासाठी कोंबडीचे तुकडे नुसत्या पाण्यात शिजवावेत, पाणी गाळून फ्रीजमध्ये ठेवावे आणि वर जमलेला चरबीचा थर काढून टाकावा. मगच ते गोठवावे. शिजलेली हाडे देऊ नयेत. ती चिरफळ्या होऊन फुटतात आणि घशाला, आतड्याला भोसकतात. या पाण्यात ज्वारीच्या भाकरीचा थोडा कुस्करा घातला तर गावठी कुत्र्याला याहून मोठी मेजवानी नाही.

शेंगदाण्याचा कूट चवीपुरता चिमूटभर चालतो. वास लागलेले किंवा बुरशी आलेले दाणे मात्र ‘कुत्र्याला घाला’ म्हणून बाजूला काढले जातात, ती सवय वाईट आहे. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचे यकृत निकामी करते.

पशुवैद्य सहसा सांगतात की, खाऊतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. १५ किलोच्या कुत्र्यासाठी हा वाटा सुमारे ८५ किलोकॅलरी होतो. कलिंगडाचा पाव किलो गर एवढ्यात बसतो; शेंगदाणे मात्र १५ ग्रॅममध्येच वाटा संपवतात.

हे घालू नये

द्राक्षे, मनुके आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. किती द्राक्षे सुरक्षित, असा आकडा सांगता येत नाही; एखादे कुत्रे घडभर खाऊन पचवते, दुसरे मूठभर खाऊन मरते. यामागचे कारण बरीच वर्षे कोडेच होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी-विषबाधा केंद्रातील तज्ज्ञांनी द्राक्षातील टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवले. मराठवाड्यातील वाचकाला यात दखल घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे: हेच आम्ल चिंचेत भरपूर असते. म्हणून चिंचेचे सरबत, चिंचेची चटणी लागलेले उरलेसुरले, चिंच-गुळाच्या आमटीचे पाणी यांपैकी काहीही कुत्र्यासाठी गोठवू नये.

कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी कुत्रे मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. चॉकलेट-आइस्क्रीममधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. ‘शुगर फ्री’ पदार्थांपैकी काहींत झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याच्या शरीरात एकदम इन्सुलिन सुटते आणि अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. बीडचे सीताफळ प्रसिद्ध असले, तरी त्याच्या बिया विषारी आहेत. शरदात गर गोठवायचा मोह झालाच तर एकही बी राहता कामा नये, आणि एवढी मेहनत करण्यापेक्षा पपई सोपी.

यातले काही कुत्र्याने खाल्ल्याचे कळले तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

आकार, भांडे आणि दात

फ्रीजच्या ट्रेमधला कडक चौकोनी बर्फ कडाकडा फोडताना कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेची कपची निघू शकते. लहान तुकडा गिळताना घशात अडकू शकतो. म्हणून चावण्यापेक्षा चाटण्याजोगा खाऊ करावा. पसरट वाटीत बोटभर जाडीचा थर गोठवावा, किंवा बर्फ फोडून त्याचा चुरा द्यावा. ताक आणि भोपळा नुसत्या पाण्यापेक्षा मऊ गोठतात. फ्रीझरमधून काढलेल्या स्टीलच्या भांड्याला ओली जीभ चिकटते, म्हणून भांडे पाच मिनिटे बाहेर ठेवावे किंवा त्यावर पाणी ओतावे. काडी लावलेले गारीगार आणि प्लॅस्टिकचा कप कुत्र्यापुढे टाकू नये. ते काडी आणि कपही खाते. दारात तीन-चार कुत्री येत असतील तर प्रत्येकाची वाटी लांब लांब ठेवावी, नाहीतर खाऊवरून भांडणे होतात.

थंड पाण्याने किंवा बर्फाने कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो, असा समज आहे. त्याला आधार नाही. पीळ पडण्याचा धोका वाढतो तो एकाच वेळी भरपेट आणि अधाशीपणे खाल्ल्याने. कारवानीसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत तो मुळातच जास्त असतो.

उष्माघात झाला असेल तर

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की अवयवांना इजा होऊ लागते. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक होतात, लाळ चिकट होते, कुत्रे झोकांड्या खाते किंवा ओकते. अशा वेळी गोठवलेला खाऊ देणे हा उपचार नव्हे. शुद्ध हरपत चाललेल्या कुत्र्याच्या तोंडात बर्फ किंवा पाणी कोंबले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला सावलीत न्यावे, अंगभर हौदाचे किंवा नळाचे पाणी ओतत राहावे आणि पंखा लावावा. लाइट नसेल तर सुपाने वारा घालावा. अंगावर ओले पोते पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. आधी थंड करावे, मग दवाखान्यात न्यावे.

साठवण

घट्ट झाकणाच्या डब्यात फळांचा किंवा भोपळ्याचा खाऊ महिनाभर राहतो. कोंबडीचे पाणी दोन-तीन आठवड्यांत संपवावे. अडचण येते ती भारनियमनाची. रात्री चार-पाच तास लाइट गेली, सगळे वितळले आणि सकाळपर्यंत पुन्हा गोठले, तर वरून काहीच कळत नाही. यावर सोपी युक्ती आहे. एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यावी. नाणे वरच असेल तर खाऊ गोठलेलाच राहिला आहे. नाणे तळाशी गेलेले दिसले तर कोंबडीचे पाणी आणि ताक टाकून द्यावे. नुसत्या पाण्याचा बर्फ मात्र वापरायला हरकत नाही.