मांजरांमधील आंत्रपरजीवींचे निदान

मांजरांमधील आंत्रपरजीवींचे निदान म्हणजे मांजराच्या आतड्यात राहणारे कृमी (जंत) व आदिजीव यांचा संसर्ग ओळखण्याची पशुवैद्यकीय प्रक्रिया होय. अनेक संसर्गित मांजरे बाहेरून निरोगी दिसतात. पिलांमध्ये मात्र अतिसार, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ व रक्तक्षय आढळतो. त्यामुळे निदान केवळ लक्षणांवरून न करता मुख्यतः विष्ठेच्या तपासणीवरून केले जाते.

प्रमुख परजीवी

टॉक्सोकॅरा कॅटी हा गोलकृमी मातेच्या दुधातूनही पिलांत जातो. अंकुशकृमी आतड्याच्या भित्तीला चिकटून रक्त शोषतात. डिपायलिडियम कॅनायनम हा पट्टकृमी पिसू गिळल्याने, तर टीनिया टीनिएफॉर्मिस उंदीर खाल्ल्याने होतो. आदिजीवांत जिआर्डिया, सिस्टोआयसोस्पोरा व टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हे महत्त्वाचे आहेत.

तपासणीच्या पद्धती

प्रथम विष्ठा डोळ्यांनी पाहतात. डिपायलिडियमचे सुटे खंड काकडीच्या बीसारखे दिसतात व वाळल्यावर तांदळाच्या दाण्यासारखे गुदद्वाराभोवतीच्या केसांना चिकटतात. थेट लेपनात ताज्या विष्ठेचा कण लवण द्रावणात मिसळून काचपट्टीवर पाहतात. हालचाल करणारे आदिजीव त्यात दिसू शकतात.

तरंगण पद्धतीत विष्ठा जड द्रावणात कालवून गाळतात. झिंक सल्फेटच्या द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.18, तर साखरेच्या द्रावणाचे सुमारे 1.27 असते. परजीवींची हलकी अंडी पृष्ठभागावर येतात आणि काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यास अंडी सापडण्याची शक्यता वाढते. याशिवाय प्रतिजन चाचण्या व पीसीआर यांचाही उपयोग होतो.

नमुना ताजा व मातीविरहित असावा. तपासणीस उशीर होणार असल्यास तो शीतकपाटात ठेवतात, पण गोठवत नाहीत.

निष्कर्षांच्या मर्यादा

एका नमुन्यात अंडी न सापडणे म्हणजे मांजर परजीवीमुक्त असणे नव्हे. अंडी गिळल्यानंतर टॉक्सोकॅरा प्रौढ होऊन स्वतः अंडी घालू लागेपर्यंत सुमारे आठ आठवडे जातात. जिआर्डियाच्या पुटी रोज बाहेर पडत नाहीत. पट्टकृमीची अंडी खंडांत बंदिस्त असल्याने तरंगणात बहुधा दिसत नाहीत. म्हणून काही दिवसांच्या अंतराने अनेक नमुने तपासतात. उलट, मांजराने खाल्लेल्या उंदराच्या परजीवींची अंडी विष्ठेत उतरून चुकीचे निदानही होऊ शकते.

सार्वजनिक आरोग्य

टॉक्सोकॅराची अंडी मातीत काही आठवड्यांनी संसर्गक्षम होतात व मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. त्यांच्या अळ्या यकृत किंवा डोळ्यापर्यंत पोहोचतात. टॉक्सोप्लाझ्मा गर्भाला घातक ठरू शकतो. मांजर पहिल्या संसर्गानंतर बहुधा एक ते तीन आठवडेच त्याच्या पुटी बाहेर टाकते आणि त्या संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे विष्ठा रोज काढणे उपयुक्त ठरते. हे काम गर्भवतीने टाळावे.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईतील परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झाले. तेथे परजीवीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पिंपळे गुरव, सांगवी या पिंपरी-चिंचवडमधील भागांना जवळ असलेल्या औंध येथे राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. अशा दाट वस्तीत पाळीव व भटकी मांजरे एकाच मोकळ्या मातीत विष्ठा करतात. त्यामुळे उपचारानंतरही पुन्हा संसर्ग होऊ शकतो व फेरतपासणी आवश्यक ठरते.