घर पाडण्याचा अधिकार : अग्निशमन कायद्याचा लंडन ते मुंबई प्रवास

आग विझविणाऱ्याला दुसऱ्याच्या घराचे दार फोडता येते, प्रसंगी भिंतही पाडता येते, ही गोष्ट आज इतकी गृहीत धरली जाते की या अधिकारालाही इतिहास आहे याचा विसर पडतो. तो इतिहास मुख्यतः एका व्यावहारिक प्रश्नाभोवती फिरतो : पाडलेल्या घराची भरपाई कोणी करायची?

२ सप्टेंबर १६६६ रोजी लंडनच्या पुडिंग लेनमधील एका बेकरीत आग लागली. ज्वाळांच्या वाटेवरील घरे आधीच पाडून मोकळी पट्टी निर्माण करणे, हाच त्या काळी खात्रीचा उपाय होता. परंतु लॉर्ड मेयर सर थॉमस ब्लडवर्थ यांनी मालकांच्या संमतीविना तसा आदेश देण्याचे टाळले. भरपाईचा बोजा आपल्यावर येईल, ही धास्ती त्यामागे होती असे मानले जाते. सॅम्युएल पीप्स यांनी राजाला वस्तुस्थिती सांगितल्यावर घरे पाडण्याची राजाज्ञा निघाली. पुढे बंदुकीच्या दारूने घरे उडविण्यातही आली. तोवर फार उशीर झाला होता. सुमारे १३,२०० घरे व ८७ चर्च भस्मसात झाली. इतिहासात ब्लडवर्थ भित्रे ठरले. पण सर्व दोष त्यांच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे होईल. शहर वाचविण्यासाठी जळत्या घराशेजारचे घर पाडता येते, असे सोऱ्यासंबंधीच्या १६०६ च्या प्रसिद्ध खटल्यात न्यायाधीशांनी नमूद केले होते, हे खरे. मात्र निवाड्यातील एक वाक्य आणि पहाटेच्या गोंधळात अधिकाऱ्याला आधार देणारा स्पष्ट लेखी नियम, यांत बरेच अंतर असते.

भारतात हा विचार १८६० च्या दंडसंहितेतून आला. तिच्या कलम ८१ खालील एका उदाहरणात, मोठ्या आगीत ती पसरू नये म्हणून सद्भावनेने घरे पाडणारा मनुष्य अपराधी ठरत नाही, असे सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्येही हीच तरतूद कायम आहे. तथापि, अपराधातून सुटका होणे म्हणजे भरपाईचा प्रश्न सुटणे नव्हे.

त्या प्रश्नाचे उत्तर लंडनलाच सापडले, आणि तेही विम्याच्या वाटेने. १८६१ च्या टूली स्ट्रीट आगीत अग्निशमन प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत कोसळून मृत्युमुखी पडले. तोपर्यंत शहराचे मुख्य दल विमा कंपन्या चालवीत. या आगीतील नुकसानीनंतर तो भार त्यांना पेलेना. १८६५ च्या कायद्याने सार्वजनिक दल स्थापन झाले. त्याच्या कलम १२ अन्वये दलाच्या अधिकाऱ्यास इमारतीत घुसण्याचा व ती पाडण्याचा अधिकार मिळाला आणि अशा कृतीने झालेले नुकसान विमापत्राच्या दृष्टीने आगीनेच झालेले मानले जाईल, असे ठरले. ब्लडवर्थ यांची अडचण एका वाक्यात दूर झाली. तिला मात्र जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

अधिकार कोणाचा, ही अनिश्चितता मुंबईनेही अनुभवली. १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या स्फोटकांनी भरलेल्या जहाजाला गोदीत आग लागली. जहाज जागीच बुडवावे, बंदराबाहेर न्यावे की आग विझवीत राहावे, याचा निर्णय वेळेत झाला नाही. स्फोटांत अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचे प्राण गेले.

आग विझल्यानंतर मात्र कायद्याची भूमिका पालटते. इंग्लंड व वेल्सच्या २००४ च्या कायद्यानुसार आगीच्या वेळी बळाने प्रवेश करता येतो. परंतु कारणांच्या तपासासाठी बळ वापरता येत नाही, आणि खाजगी निवासात जाण्यापूर्वी २४ तासांची लेखी सूचना द्यावी लागते. प्रवेश नाकारला गेल्यास दंडाधिकाऱ्याकडून वॉरंट घ्यावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मिशिगन विरुद्ध टायलर खटल्यात जवळपास हीच रेषा आखली : आग विझविल्यावर वाजवी काळ थांबून कारण शोधता येईल, पण काही दिवसांनी परतणाऱ्या तपासनिसास वॉरंट लागेल. जळालेले घरही घरच असते, हे यामागील गृहीतक आहे.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्याचा भर आगीपूर्वीच्या दक्षतेवर असून इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने प्रामुख्याने मालक व भोगवटादारावर टाकली आहे.