६४० किलोबाइटची भिंत

चाळीतल्या खोल्यांना क्रमांक असतात, तसा संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो. त्याला पत्ता म्हणतात. मायक्रोप्रोसेसर हा पत्ता ठरावीक तारांवरून पाठवतो. एका तारेवर ० किंवा १ अशा दोनच स्थिती असतात; म्हणून दोन तारांनी ४ पत्ते होतात, तीन तारांनी ८. तार एक वाढली की पत्ते दुप्पट!

इंटेलच्या ८०८६ ला (१९७८) अशा २० तारा होत्या. २ चा २० वा घात १०,४८,५७६, म्हणजे एक मेगाबाइट. त्याचाच भाऊ ८०८८ आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या पीसीत बसवला. वरचे ३८४ किलोबाइट पडदा, रॉम इत्यादींसाठी राखून ठेवले. उरलेले ६४० डॉस आणि इतर प्रोग्राम यांच्या वाट्याला आले. पहिला पीसी १६ किलोबाइट स्मृतीसहही मिळत असे. त्या मानाने ६४० म्हणजे ऐसपैस जागा होती.

८०८६ मध्ये पत्ता तयार होतो तो दोन संख्यांपासून. पहिलीला १६ ने गुणायचे व दुसरी तिच्यात मिळवायची. प्रत्येक संख्या जास्तीत जास्त ६५,५३५ असू शकते. म्हणून बेरीज ११,१४,०९५ पर्यंत जाते. २० तारांवर ती मावत नाही. मग हातचा गळतो आणि पत्ता पुन्हा शून्यापाशी येतो. काही प्रोग्राम या गळतीवरच विसंबून होते.

८०२८६ ला (१९८२) २४ तारा, म्हणजे १६ मेगाबाइट. आता हातचा गळेना! जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून आयबीएमने १९८४ च्या पीसी-एटीमध्ये एकविसावी तार बंद करण्याची सोय केली. ८०३८६ ला (१९८५) ३२ तारा मिळाल्या. किती पत्ते होतील, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे. तरीही डॉसचे सर्वसाधारण प्रोग्राम ६४० मध्येच दाटीवाटीने राहिले, कारण ते ८०८६ च्याच पद्धतीने पत्ते मोजत होते. एक मेगाबाइटपलीकडच्या त्याच ६५,५२० बाइटांत १९९१ च्या डॉस ५ ने आपला काही भाग हलवला, तेव्हा खाली थोडी जागा मोकळी झाली.

म्हणजे नवी चिप आली तरी भिंत पडली नाही. लोकांचे हिशेब, पत्रे, नोंदी जुन्या प्रोग्रामांत होत्या. त्या टाकून देणे कोणालाच परवडणारे नव्हते. यंत्राचा इतिहास शिकवताना यंत्राइतकेच हेही सांगायला हवे, असे आम्हाला वाटते.