गिरमिट : करार की वेठ?

गिरमिट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुताराचे भोके पाडण्याचे हत्यार येते. परंतु नाताळ, फिजी, गियाना अशा दूरदेशी गेलेल्या लाखो हिंदी मजुरांच्या बोलीत या शब्दाला दुसराच अर्थ होता. 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचा तो अपभ्रंश. ज्याने करारावर अंगठा उठविला तो 'गिरमिट्या' झाला. या कराराचा इतिहास पाहिला, म्हणजे कागदावरची संमती आणि खरे स्वातंत्र्य यांत केवढे अंतर असू शकते ते ध्यानात येते.

ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड ठरले; पण ते मिळाले मालकांना, गुलामांना नव्हेत! मळेवाल्यांना आता स्वस्त हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन मॉरिशसला पोहोचले. करार पाच वर्षांचा, पगार महिना ५ रुपये. पुढे मुंबई बंदरातूनही माणसे गेली, आणि त्यांत आपली कोकणातली मंडळी होती. त्यांच्या वंशजांच्या त्या बेटावर आजही गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते.

या व्यापारात फसवणूक होते अशी ओरड झाल्यावर सरकारने १८३९ मध्ये परदेशी मजूरभरती बंद केली. पण १८४२ मध्ये मॉरिशसपुरती ती पुन्हा खुली केली. त्यानंतर नियमांची भर पडत गेली. बंदरावर संरक्षक अधिकारी आले, जहाजावर डॉक्टर आले, शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात असेही ठरले. कागद भरले, माणसाची स्थिती मात्र फारशी पालटली नाही. मॉरिशसमध्ये एक दिवस गैरहजर राहणाऱ्याचा दोन दिवसांचा पगार कापीत. जुन्या मजुरांच्या ९,४०१ सह्यांचा अर्ज १८७१ मध्ये गेला, तेव्हा कोठे चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले.

असे का व्हावे? सगळेच मळेवाले क्रूर होते म्हणून? नव्हे. दोष कराराच्या मुळातच होता. एरवी करार मोडला तर दिवाणी दावा होतो. गिरमिट्याने काम सोडले तर त्याला फौजदारी शिक्षा होई. धनी निवडण्याची मुभा नाही, बदलण्याचीही नाही. आणि मुदत संपली तरी सुटका नाही. नाताळात १८९५ च्या कायद्याने, जो पुन्हा गिरमिट करणार नाही आणि स्वदेशीही परतणार नाही, त्याच्यावर दरसाल ३ पौंडांचा कर बसविला. पहिल्या वर्षाचा त्याचा पगार महिना १० शिलिंग असे. म्हणजे हा कर सहा महिन्यांच्या पगाराइतका झाला! त्याला स्वतंत्र मजूर म्हणून तेथे राहूच द्यावयाचे नाही, हा त्यातला हेतू उघड होता.

ही मुळातली गोष्ट नामदार गोखल्यांनी ओळखली. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात नाताळसाठी होणारी भरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो संमत झाला, आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. त्याच सुमारास सँडरसन समितीने मात्र, एकंदर पद्धत चालू ठेवावी, असा अभिप्राय दिला होता. तथापि ४ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी संपूर्ण पद्धतच रद्द करण्याचा ठराव आणला. दुरुस्त्या पुरेत, ही पद्धतच अन्याय्य आहे. भरती होणाऱ्या अडाणी माणसाला फौजदारी कलमांची कल्पनाही देत नाहीत, मग त्याची संमती ती कसली, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारी बहुमतापुढे ठराव पडला. त्याच वर्षी प्रकृती साथ देत नसता ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तीन पौंडांचा कर १९१३ च्या मोठ्या संपानंतर, १९१४ मध्ये उठला. गिरमिटाचा शेवट पाहण्यास मात्र गोखले उरले नाहीत. १९१५ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी पंडित मालवीयांचा तसाच ठराव सरकारने स्वीकारला, १९१७ मध्ये भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले.

गिरमिट गेले, पण त्यामागची युक्ती गेली असे म्हणवत नाही. आखाती देशांतील 'कफाला' पद्धतीत मजुराचा राहण्याचा परवाना धन्याशी बांधलेला असे. धन्याच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मोकळीक कतारने दिली ती २०२० मध्ये. तेव्हा परदेशी जाणाऱ्या मजुराविषयीचा कोणताही कायदा पाहताना पगाराचा आकडा आणि अधिकाऱ्यांची संख्या यांच्याही आधी एकच प्रश्न विचारावा : या माणसाला काम सोडून जाता येते काय? उत्तर 'नाही' असे असेल, तर बाकीची सारी कलमे कितीही गोड असोत, ते गिरमिटच होय.